कॅम्परमधून अमेरिका आडवी पार करताना : सहकुटुंब प्रवासाची आखणी

न्यू जर्सीतून निघून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक ८० सुमारे २,९०० मैल लांबीचा आहे आणि फोनवरचा नकाशा हे अंतर साधारण ४३ तासांचे असल्याचे सांगतो. रोज आठ-नऊ तास गाडी चालवली की पाचव्या दिवशी पॅसिफिक महासागर दिसेल, असा हिशेब त्यावरून सहज मांडला जातो. मोटारीसाठी तो एक वेळ चालेल, कॅम्परला, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीला, मात्र लागू पडत नाही. कॅम्पर ताशी ५५ ते ६० मैलांच्या पुढे नेऊ नये, चढावर तो याहूनही मंदावतो, इंधन भरायला त्याला जास्त वेळ लागतो आणि मुले बरोबर असली की दर दोन तासांनी थांबणे आलेच. म्हणून नकाशा जी वेळ दाखवील तीत निदान एक चतुर्थांश भर घालावी आणि दिवसाला २५० ते ३०० मैल ही मर्यादा पाळावी.

प्रत्येक दिवसाची आखणी रात्रीच्या मुक्कामापासून उलटी करत यावे, हे या लेखातील सर्व सूचनांचे सूत्र आहे. रात्री गाडी कुठे उभी राहणार, तिथे वीज आणि पाणी मिळणार का, सांडपाणी सोडण्याची सोय आहे का, आणि तिथवरच्या रस्त्यावर आपल्या गाडीच्या उंचीला किंवा लांबीला मज्जाव आहे का, या प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावरच वाटेत काय पाहायचे ते ठरवावे. मोटारीच्या प्रवासात ठिकाणे आधी ठरतात आणि हॉटेल मागाहून शोधले जाते. तोच क्रम कॅम्परने जाताना ठेवला, तर अंधारात, दमलेल्या मुलांना घेऊन, अनोळखी झाडांखाली २५ फुटांची गाडी मागे घेण्याची वेळ येते.

वरील मर्यादेत पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत नुसते गाडी चालवण्याचेच दहा-अकरा दिवस होतात. त्यांत दर तीन दिवसांनी एक दिवस गाडी जागची न हलवण्याचा धरला आणि वाटेतल्या दोन-तीन राष्ट्रीय उद्यानांना प्रत्येकी दोन रात्री दिल्या, तर एका बाजूच्या प्रवासाला जवळजवळ तीन आठवडे लागतात. एवढी सुट्टी नसेल तर देश पार करण्याचा हट्ट सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीपर्यंत विमानाने जावे, तिथे गाडी भाड्याने घ्यावी आणि दहा दिवसांचा वळसा घालून तिथेच परत करावी. एका ठिकाणी घेऊन दुसऱ्या ठिकाणी गाडी सोडल्याबद्दल जे वेगळे शुल्क द्यावे लागते, तेही त्यामुळे वाचते.

मार्ग आणि मोसम

आंतरराज्य महामार्गांचे सम क्रमांक पूर्व-पश्चिम धावणाऱ्या रस्त्यांना दिलेले आहेत आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे ते वाढत जातात. त्यामुळे १० क्रमांकाचा रस्ता फ्लोरिडा, टेक्सास आणि ॲरिझोना असा दक्षिणेतून जातो, तर ९० क्रमांकाचा बॉस्टनहून सिॲटलला उत्तरेकडून जातो. बहुतेक राज्यांत बाहेर पडण्याच्या वाटांचे क्रमांक हे राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण सीमेपासूनचे मैल असतात. पश्चिमेकडे जाताना ते घटत घटत शून्याकडे येतात आणि पुढचे राज्य किती दूर आहे, हे मागे बसलेल्या मुलांनाही काढता येते. ‘आता किती राहिले?’ या प्रश्नावर मला माहीत असलेला हाच एक टिकाऊ उपाय आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत निघणाऱ्या कुटुंबाने ९० किंवा ८० क्रमांकाचा विचार करावा. ९० क्रमांकावर साऊथ डकोटातील बॅडलँड्स आणि माउंट रशमोर ही ठिकाणे फारशी वाकडी वाट न करता येतात आणि पुढे यलोस्टोनकडे वळता येते. ७० क्रमांकाचा रस्ता सर्वांत देखणा असला, तरी कोलोराडोत तो आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांहून उंच चढतो आणि दोन्ही बाजूंना लांब, तीव्र उतार आहेत. जड गाडीचा सराव नसलेल्याने तिथून सुरुवात करू नये. ४० क्रमांकाचा रस्ता नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टनपासून कॅलिफोर्नियातील बार्स्टोपर्यंत जातो आणि ग्रँड कॅन्यन त्याच्या जवळ आहे, पण जुलैत मोहावे वाळवंट ओलांडणे टायरना आणि वातानुकूलन यंत्राला जड जाते. तो मार्ग वसंतात किंवा ऑक्टोबरात घ्यावा. याच रस्त्याचा टेनेसी सीमेजवळचा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळात वाहून गेला आणि मार्च २०२५ मध्ये एकेका मार्गिकेने पुन्हा सुरू झाला. महामार्ग आहे म्हणजे तो पूर्ण उघडा असेलच, असे गृहीत धरता येत नाही. बहुतेक राज्यांत ५११ या क्रमांकावर किंवा त्याच नावाच्या संकेतस्थळावर रस्त्यांची ताजी स्थिती मिळते, ती निघण्याच्या आदल्या रात्री पाहावी. डोंगरांतले उंच रस्ते तर आणखी उशिरा उघडतात. ग्लेशियर उद्यानातील ‘गोइंग टू द सन’ रस्ता आणि योसेमिटीतील टायोगा रस्ता बर्फामुळे अनेकदा जूनमध्येही पूर्ण खुले झालेले नसतात.

गाडी निवडताना

स्वतःचे इंजिन असलेल्या कॅम्परचे तीन वर्ग सांगितले जातात. ‘ए’ वर्ग बसच्या आकाराचा असतो, ‘बी’ वर्ग म्हणजे आतून घरासारखी सजवलेली व्हॅन, आणि ‘सी’ वर्गात ट्रकच्या सांगाड्यावर खोली बांधलेली असून चालकाच्या डोक्यावर झोपण्याचा माळा असतो. चार-पाच जणांच्या कुटुंबासाठी २५ फुटांच्या आसपासची ‘सी’ वर्गाची गाडी सोयीची पडते. ३० फुटांची गाडी आतून ऐसपैस वाटते, परंतु राष्ट्रीय उद्यानांतील जुन्या कॅम्पग्राऊंडांत अनेक जागा त्याहून आखूड असतात आणि काही रस्त्यांवर तर लांब गाड्यांना प्रवेशच नाही. वर उल्लेखलेल्या ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसह ८ फुटांपेक्षा रुंद गाडी नेता येत नाही. अशा ठिकाणी गाडी तळावर ठेवून उद्यानाच्या बसने जावे. मागे ओढायचा ट्रेलर घेतला, तर तो तळावर सोडून मोटारीने फिरता येते हा मोठा फायदा आहे. मात्र तो मागे घेण्याची कला वेगळी शिकावी लागते.

गाडी किती जणांना झोपवते यापेक्षा तिच्यात पट्ट्यासह किती आसने पुढे तोंड करून आहेत, हे आधी विचारावे. जेवणाच्या टेबलाभोवतीची आडवी किंवा उलट्या तोंडाची आसने लहान मुलांची खुर्ची बसवायला योग्य नसतात, आणि मोटारीत असतात तसे खुर्ची अडकवण्याचे आकडे कॅम्परमध्ये बहुधा नसतात. आपली खुर्ची नेऊन ती प्रत्यक्ष बसवून पाहिल्याशिवाय करारावर सही करू नये. गाडी चालू असताना मुले मागे उठून फिरू शकतात, स्वच्छतागृहात जाऊ शकतात, अशी जी कल्पना असते ती पूर्णपणे सोडून द्यावी. चाके फिरत असेपर्यंत प्रत्येकाला पट्टा लावलेलाच हवा.

नेहमीच्या भाड्याच्या गाड्या साध्या मोटार परवान्यावर चालवता येतात. विम्याचे मात्र तसे नाही. आपला घरचा मोटारविमा भाड्याच्या कॅम्परला लागू होतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे, कारण क्रेडिट कार्डाबरोबर मिळणारे भाड्याच्या गाडीचे संरक्षण कॅम्परला सहसा वगळते. भाड्यात दिवसाचे किती मैल धरले आहेत, जनरेटरच्या तासांचे वेगळे पैसे आहेत का आणि गाडी नेण्यास कुठे मनाई आहे, हेही पाहावे. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेण्यास अनेक कंपन्या परवानगी देत नाहीत. इंधनाचा अंदाज गॅलनला ८ ते १० मैल असा धरावा. आडवाटांसह ३,५०० मैलांच्या प्रवासाला त्या हिशेबाने ३५० ते ४४० गॅलन लागतात, आणि एकूण खर्चात भाड्यानंतरचा सर्वांत मोठा वाटा बहुधा याचाच असतो.

उंची

हा विषय वेगळा काढावा इतका महत्त्वाचा आहे. छतावरचे वातानुकूलन यंत्र धरून ‘सी’ वर्गाच्या गाडीची उंची ११ ते १२ फूट भरते. मोटार चालवणाऱ्याला आयुष्यभर पुलाच्या उंचीची पाटी वाचण्याची गरज पडलेली नसते, त्यामुळे ती नजरेसमोर असूनही दिसत नाही. गाडी ताब्यात घेताच तिची उंची फूट आणि इंचांत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी. नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे ११ फूट ८ इंच उंचीच्या एका रेल्वे पुलाने इतक्या ट्रकांची आणि कॅम्परांची छपरे सोलली, की २०१९ मध्ये तो उचलून १२ फूट ४ इंच करावा लागला, आणि त्यानंतरही गाड्या त्याला आदळतच आहेत. न्यूयॉर्क परिसरातील जुन्या पार्कवे रस्त्यांवरचे पूलही असेच ठेंगणे आहेत. पेट्रोल पंपाचे छत, बँकेची किंवा खाद्यगृहाची गाडीतून खरेदीची खिडकी, विमानतळाचे वाहनतळ आणि कॅम्पग्राऊंडातील झाडाची आडवी फांदी, ही धोक्याची रोजची ठिकाणे आहेत. फोनवरचा साधा नकाशा उंची जाणत नाही. गाडीची मापे भरता येतील असे कॅम्परसाठीचे किंवा ट्रकचे दिशादर्शक ॲप वापरावे.

बोगद्यांत उंचीखेरीज प्रोपेनचाही, म्हणजे शेगडी-फ्रिजसाठी गाडीत असलेल्या ज्वलनशील गॅसचाही, प्रश्न येतो. बाल्टिमोरच्या बंदराखालून जाणाऱ्या बोगद्यांत कॅम्परमधील प्रोपेनवर कडक निर्बंध आहेत. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात, पण २६ मार्च २०२४ रोजी मालवाहू जहाजाच्या धडकेने तो कोसळला आणि तेव्हापासून ६९५ क्रमांकाच्या वर्तुळमार्गाची पश्चिमेकडची बाजू घ्यावी लागते.

रात्रीच्या जागा

सगळ्या रात्री आधी आरक्षित करणारे आणि एकही न करणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक भेटतात. माझा कल मधल्या वाटेकडे आहे. राष्ट्रीय उद्यानांतील जागा आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री आधी पक्क्या कराव्यात, बाकीच्या दोन दिवस अगोदर ठरवाव्यात. संघराज्याच्या आरक्षण संकेतस्थळावर अनेक उद्यानांतील जागा सहा महिने आधी, ठरलेल्या तारखेला सकाळी खुल्या होतात आणि जुलैतील लोकप्रिय जागा काही मिनिटांत संपतात. यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या देणारे कॅम्पग्राऊंड फक्त फिशिंग ब्रिज येथे आहे, आणि अस्वलांच्या वावरामुळे तिथे कापडी भिंतींच्या गाड्यांना व तंबूंना परवानगी नाही.

पश्चिमेतील सार्वजनिक जमिनींवर अनेक ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या अखत्यारीतील जमिनीवर साधारणपणे १४ दिवसांची मर्यादा असते. तिथे पाणी, वीज, कचरापेटी यांपैकी काहीही नसते, म्हणून टाक्यांचा अंदाज येईपर्यंत, म्हणजे निदान पहिला आठवडा, तिकडे जाऊ नये. मोठ्या दुकानांच्या वाहनतळावर रात्र काढण्याची प्रथा आहे खरी, परंतु परवानगी त्या त्या दुकानाच्या व्यवस्थापकाची आणि शहराच्या नियमांची असते. आत जाऊन विचारणे हाच शिष्टाचार आहे.

मुक्कामावर चार वाजेपर्यंत पोहोचावे. हा नियम मोडण्याचा मोह पश्चिमेकडे जाताना विशेष होतो, कारण वेळेची सीमा ओलांडली की घड्याळात एक तास फुकट मिळाल्यासारखे वाटते. मुलांची भूक आणि झोप मात्र जुन्याच घड्याळाप्रमाणे चालू असते.

पाणी, टाक्या आणि वीज

कॅम्परमध्ये तीन टाक्या असतात : एक ताज्या पाण्याची, एक भांडी आणि आंघोळीच्या पाण्याची, जिला ग्रे टँक म्हणतात, आणि एक शौचालयाची, जिला ब्लॅक टँक म्हणतात. ‘सी’ वर्गाच्या गाडीत प्रत्येकीची क्षमता साधारण ३० ते ४० गॅलन असते. शॉवरमधून मिनिटाला दोन गॅलन पाणी येते असे धरले, तर चौघांनी प्रत्येकी पाच मिनिटे आंघोळ केल्यावर ताज्या पाण्याची टाकी रिकामी आणि ग्रे टँक काठोकाठ. म्हणून आंघोळीला शक्यतो कॅम्पग्राऊंडातील शॉवर वापरावेत, आणि गाडीत करायचीच असेल तर अंग भिजवून नळ बंद करावा, साबण लावावा आणि मग धुऊन घ्यावे. गॅलनभर पाण्याचे वजन ८.३ पौंड असते. मोठा घाट चढण्याआधी ४० गॅलनची टाकी गच्च भरून ३३० पौंडांचे ओझे वाहण्यात अर्थ नाही. याउलट वाळवंटात शिरताना ती भरलेलीच हवी.

सांडपाणी सोडण्याच्या कामाची लोकांना उगाच धास्ती असते. क्रम पाळला तर ते दहा मिनिटांत आटोपते. हातमोजे घालावेत. दोन्ही झडपा बंद असल्याची खात्री करून मगच गाडीच्या सांडपाणी सोडण्याच्या तोंडावरचे झाकण काढावे. जाड पाइप तिथे फिरवून घट्ट बसवावा, त्याचे दुसरे टोक जमिनीतील भोकात खोल घालून त्यावर दगड किंवा पाय ठेवावा. आधी ब्लॅक टँकची झडप एका झटक्यात पूर्ण ओढावी. आवाज थांबला की ती बंद करावी आणि मग ग्रे टँकची उघडावी, म्हणजे साबणाचे पाणी पाइप धुऊन नेते. शेवटी ब्लॅक टँकमध्ये दोन-तीन गॅलन स्वच्छ पाणी आणि विघटनाचे औषध टाकावे, कारण कोरड्या टाकीच्या तळाला मळ चिकटून बसतो. सांडपाण्याची जोडणी असलेल्या जागेवर राहतानाही ब्लॅक टँकची झडप उघडी ठेवू नये. पाणी वाहून जाते, घन भाग आणि कागद शौचालयाखाली ढिगासारखे साचतात आणि मग ते काढणे खरोखरच नकोसे होते. टाकी दोन तृतीयांश भरल्यावरच रिकामी करावी. कागद लवकर विरघळणाराच वापरावा. बरणीत पाण्यात एक तुकडा घालून हलवला की तो विरतो का, हे लगेच कळते. ओले वाइप्स कधीही शौचालयात टाकू नयेत, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. टाकी किती भरली ते दाखवणारी भिंतीवरची दिव्यांची पट्टी पुष्कळदा खोटे बोलते, कारण आतल्या संवेदकांना कागद चिकटलेला असतो.

पिण्याच्या पाण्यासाठी स्वतंत्र, त्याच कामासाठी बनवलेला होज ठेवावा आणि तो सांडपाण्याच्या सामानाशेजारी कधीच ठेवू नये. सांडपाण्याच्या ठिकाणी धुण्यासाठी असलेला नळ पिण्याचे पाणी भरायला वापरायचा नसतो. कॅम्पग्राऊंडातील पाण्याचा दाब कधीकधी इतका असतो की गाडीतील नळजोड फुटतात, म्हणून नळावर आधी दाबनियंत्रक लावावा.

विजेच्या जोडण्या ३० आणि ५० अँपिअरच्या असतात. १२० व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे एकूण ३,६०० वॉट. वातानुकूलन यंत्र सुमारे १,५०० वॉट घेते, मायक्रोवेव्ह आणि केस वाळवण्याचे यंत्र साधारण तितकीच घेतात. तिन्ही एकदम चालवली की खटका पडणार, हे उघड आहे. जोडणी करताना खांबावरचा खटका आधी बंद करावा, विजेच्या अचानक वाढणाऱ्या दाबापासून वाचवणारा संरक्षक (सर्ज प्रोटेक्टर) लावून तो तारा ठीक असल्याचे दाखवतो का ते पाहावे, मग केबल लावून खटका चालू करावा. आत प्रोपेनवर चालणारा फ्रिज असेल तर गाडी समपातळीत उभी असणे त्याला आवश्यक असते. बराच वेळ कललेल्या गाडीत तो थंड करणे थांबवतो आणि कायमचा बिघडूही शकतो. प्रवासात प्रोपेन बंद ठेवावा. फ्रिज वरचेवर उघडला नाही तर आतील थंडावा काही तास टिकतो. पंपावर इंधन भरताना तर प्रोपेन बंद हवाच.

गाडी हाकताना

पहिल्या दिवशी महामार्गावर जाण्याआधी एखाद्या मोकळ्या वाहनतळावर तासभर वळणे आणि मागे घेण्याचा सराव करावा. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग लोंबता असतो आणि वळताना तो विरुद्ध बाजूला फेकला जातो. पंपावरून निघताना लगेच डावीकडे वळले, की उजवा मागचा कोपरा पंपाच्या खांबाला घासतो. मागची चाके खांब ओलांडेपर्यंत सरळच जावे. मागे घेताना एकाने खाली उतरून चालकाच्या आरशात दिसेल असे उभे राहावे, आणि ती व्यक्ती दिसेनाशी झाली की चालकाने थांबावे. मुलांना या वेळी एका जागी, शक्यतो बाहेरच्या टेबलाच्या बाकावर बसवून ठेवावे.

उतारावर गिअर खालचा ठेवून इंजिनाच्या ओढीने वेग धरून ठेवावा. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्यातच उतरावे, हा जुना नियम आजही उपयोगी आहे. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर तो तापून निकामी होतो. त्याऐवजी वेग वाढला की ठाम दाबून तो कमी करावा आणि पाय काढून घ्यावा. मागे मोटारींची रांग लागली तर बाजूच्या वळणजागेत थांबून तिला जाऊ द्यावे.

वायोमिंगमध्ये ८० क्रमांकाच्या रस्त्यावर, लारामी आणि रॉलिन्स यांच्या दरम्यान, हलक्या आणि उंच गाड्यांसाठी वाऱ्यामुळे रस्ता बंद केल्याच्या पाट्या अनेकदा लागतात. कॅम्पर त्याच वर्गात मोडतो. तसा दिवस असेल तर मुक्काम वाढवावा किंवा वारा पडलेला असताना, भल्या पहाटे निघावे. पश्चिमेत इंधन निम्म्यावर आले की भरावे. युटामध्ये ७० क्रमांकाच्या रस्त्यावर ग्रीन रिव्हर ते सलायना या सुमारे ११० मैलांत एकही पंप नाही. पंपाच्या नळीचा रंग पाहून नव्हे, तर त्यावरील अक्षरे वाचूनच इंधन भरावे. हिरवी मूठ बहुतेक पंपांवर डिझेलची असते, सगळीकडे नाही.

टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांवरून टायर कधी बनला ते कळते : २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असूनही टायर सहा-सात वर्षांचा असेल, तर भाड्याच्या कार्यालयात दुसरी गाडी मागावी.

निघण्यापूर्वीची तपासणी यादी कागदावर असावी : छतावरच्या झडपा आणि अँटेना खाली, पायरी आत, बाहेर सरकणारी भिंत आत, वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या सुटलेल्या, कपाटांचे आणि फ्रिजचे आकडे लागलेले, चाकांखालचे अडथळे काढलेले. यादी एकानेच वाचावी आणि त्याला मध्येच कोणी काही विचारू नये. थोड्या मोठ्या मुलांना आकडे लावण्याचे किंवा चाकांचे अडथळे मोजून पेटीत ठेवण्याचे काम द्यावे, ती ते मोठ्या माणसांपेक्षा चोख करतात.

मुले, रात्र आणि हवामान

राष्ट्रीय उद्यानांत ‘ज्युनियर रेंजर’ नावाचा उपक्रम असतो. माहिती केंद्रावर मिळणारी पुस्तिका पूर्ण केली की रेंजर मुलाकडून शपथ म्हणवून घेतात आणि बिल्ला देतात. पुस्तिका पोहोचताच घ्यावी, म्हणजे ती भरता भरताच उद्यान पाहून होते. अमेरिकेत चौथीत शिकणारे मूल बरोबर असेल, तर ‘एव्हरी किड आउटडोअर्स’ योजनेतून मिळणाऱ्या पासावर गाडीतील कुटुंबाला प्रवेशशुल्क लागत नाही.

पहिल्या रात्री झोपण्याआधी सगळ्यांना आपत्कालीन खिडकी दाखवावी. तिला बहुधा लाल मूठ असते. ती प्रत्येकाने स्वतः उघडून पाहावी. कार्बन मोनॉक्साइड, प्रोपेन आणि धूर यांचे सूचक बटण दाबून तपासावेत. झोपताना जनरेटर बंद असावा. कॅम्पग्राऊंडातील शांततेच्या वेळाही रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत अशाच काहीशा असतात. चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावर लहान मूल झोपणार असेल तर जाळी हवीच.

मे-जूनमध्ये कॅन्सस, नेब्रास्का आणि ओक्लाहोमाच्या मैदानांत चक्री वावटळी आणि गारपीट होते. इशारे ‘काउंटी’च्या, म्हणजे राज्यातील जिल्ह्याच्या, नावाने दिले जातात, आणि वाटसरूला आपण कोणत्या काउंटीत आहोत हेच माहीत नसते. रोज मुक्कामावर पोहोचताच त्या काउंटीचे आणि तिच्या पश्चिमेकडील काउंटीचे नाव लिहून ठेवावे, आणि वादळात आसरा कुठे घ्यायचा ते कार्यालयात विचारावे. ती जागा बहुतेक ठिकाणी पक्क्या बांधणीचे स्नानगृह असते. कॅम्पर हा आसरा नव्हे.

सरपण बरोबर घेऊन राज्ये ओलांडू नये. लाकडातून पसरणाऱ्या किड्यांनी ॲश जातीची कोट्यवधी झाडे मारली आहेत, म्हणून ते जिथे जाळायचे तिथेच विकत घ्यावे. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर फळे आणि भाज्यांची तपासणी होते. विचारल्यास काय आहे ते सांगावे आणि आदल्या दिवशीच फ्रिज शक्य तितका संपवावा.

गाडी परत करण्याच्या आदल्या रात्री सांडपाण्याची सोय असलेल्या जागीच मुक्काम ठेवावा, कारण भरलेल्या टाक्यांसह गाडी परत केल्यास मोठे शुल्क आकारले जाते. सकाळी दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात, करारात असेल त्या पातळीपर्यंत इंधन व प्रोपेन भरावे, आणि गाडी घेताना जशी चहूबाजूंनी, छतासह छायाचित्रे काढली होती तशीच पुन्हा काढून, मैल व जनरेटरचे तास दाखवणाऱ्या आकड्यांसह ती छायाचित्रे अनामत रक्कम परत मिळेपर्यंत जपून ठेवावीत.